राजारामपुरीतनं पल्सार

आज प्रॅक्टिकल लवकर आटपलं, मग विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरच्या बागेत बसून दोन ज्युनिअर पोरींच्या लॅपटॉपवर 'बॉइंक' टाकून दिलं. बर्कलीत तयार झालेलं हे फुकटचं सॉफ्टवेअर. आपला कॉम्प्युटर रिकामा असला की त्यावर संशोधकांची गणितं चालतात.

माझा जीव बॉइंकवर चालणाऱ्या 'आइन्स्टाइन ॲट होम' या प्रकल्पावर. २००५ पासून चालू आहे. लायगोचा (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा), रेडिओ दुर्बिणींचा डेटा तुकड्या-तुकड्यानं घरोघरी येतो आणि त्यात पल्सारचे, म्हणजे गरागरा फिरणाऱ्या मेलेल्या ताऱ्यांचे, ठोके शोधायचे. तोच तुकडा दुसऱ्या कुणाकडे तरीपण जातो, उत्तरं जुळली तरच धरतात. मला हेच फार आवडतं, खरं विज्ञान असंच चालतं!

२०१० मध्ये अरेसिबो या रेडिओ दुर्बिणीच्या डेटात सेकंदाला जवळपास ४१ वेळा फिरणारा पल्सार असाच सापडला, अमेरिका आणि जर्मनीतल्या साध्या लोकांच्या कॉम्प्युटरवर. ऐकून एकजण म्हणाली, "म्हणजे राजारामपुरीतल्या माझ्या रूमवरनंपण सापडंल?"

सापडंल की! का नाही?

तेवढ्यात तिच्या स्क्रीनवर पहिला तुकडा उतरला, टक्के सरकायला लागले. तिघी बघतच बसलो.

लॅपटॉप तापतो, तेव्हा सेटिंगमध्ये सीपीयू निम्म्यावर ठेवा आणि चार्जिंगला असतानाच चालवा. कुणाला बसवून हवं असेल तर सांगा, उद्या दुपारी डिपार्टमेंटलाच आहे.