भिंतीआडचं बाथरूम

बाथरूम नवं करायचं ठरलं की बेसिनच्या आकारावर आणि टाइल्सच्या रंगावर रात्री जागवल्या जातात. पाणी येतं कुठून आणि जातं कुठं, ही चौकशी सहसा हातोडा पडल्यानंतरच होते. माझं मत विचाराल तर काम स्वतःच्या हातानं करणाऱ्यानं आधी एखादी दुपार जुन्या बाथरूममध्ये नुसती बसून काढावी. सोबत मोजपट्टी, बॅटरी आणि लोहचुंबक. (घरचे हसतील. हसू द्यावं.)

पहिली गाठ मुख्य कॉकशी. जुना गेट व्हॉल्व्ह निवृत्त हेडक्लार्कसारखा असतो: वर्षानुवर्षं कुणी विचारलेलं नसतं, आणि एकदम हलायला सांगितलं की अडून बसतो. बळजबरीनं फिरवला तर दांड्याशी पाझरतो, आणि बुडाशी गाळ साचलेला असेल तर बंद होऊनही धार तुटत नाही. तेव्हा बाकी काही सोडण्याआधी याची परीक्षा घ्यावी. बॉल व्हॉल्व्ह त्यामानानं सरळ स्वभावाचा. दांडी पाइपाला समांतर तर चालू, आडवी तर बंद.

मग पाइप. चुंबक चिकटला तर लोखंड. चिकटला नाही, आणि हलकं खरवडल्यावर मऊ, चांदीसारखी चकाकी दिसली तर शिसं असण्याची शक्यता. ते पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर ठेवूच नये. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाचं दुखणं आतलं. मुलामा झिजतो, गंजाचे थर चढतात, वाट अरुंद होत जाते. अशा पाइपावर कितीही दिमाखदार शॉवर लावा, तो ठिबकल्यासारखाच वाहणार. आणि या पाइपाला तांबं जोडायचंच असेल तर पाणी जस्ताकडून तांब्याकडे जाईल असं जोडावं. उलटं केलं की पाण्यातून आलेले तांब्याचे कण जस्तावर बसतात आणि तिथं गंज लवकर धरतो.

मापांची गंमत तर वेगळीच. अर्ध्या इंची लोखंडी पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे 21 मिमी, आतला 16च्या आसपास. अर्धा इंच म्हणजे 12.7, तो कुठंच सापडत नाही! त्यामुळे दुकानात मोजपट्टीवरचा आकडा सांगण्यापेक्षा जुना तुकडाच घेऊन जावं. आटे सोडवतानाही दोन पाने लागतात: एकानं फिरवायचं, दुसऱ्यानं मागचा भाग धरायचा. नाहीतर भिंतीतला, न दिसणारा सांधाच आधी फिरतो.

सांडपाण्याच्या बाजूला सगळी मदार ट्रॅपवर, म्हणजे पाणी अडवून ठेवणाऱ्या नळीच्या वळणावर. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं 1775 मध्ये शौचकूपासाठी वळणदार नळीचं पेटंट घेतलं, आणि त्या वळणात अडून राहिलेलं पाणी आजही गटाराची हवा घरात येऊ देत नाही. टबातलं पाणी जाताना शेवटी मोठ्यानं गुडगुडत असेल तर नळीला हवा मिळत नाही, आणि हे अडवलेलं पाणीच ओढलं जातं आहे असं समजावं. नवा टब तो आवाज बंद करणार नाही. सांडपाण्याच्या नळीचा उतारही तपासावा, मीटरमागे साधारण 25 मिमी असला की काम भागतं.

कमोडचं माप मात्र फसवं. निकास जमिनीत असेल तर मागच्या भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजतात, आणि भिंत म्हणजे टाइल बसल्यानंतरची भिंत. जुन्या टाइल्सवरच नव्या चढवायच्या असतील तर त्यांची आणि चिकटवणीची जाडी आधी वजा करावी. उरेल त्या आकड्यात बसणारा कमोड पसंत करावा, मग तो कॅटलॉगातला सगळ्यात देखणा असो वा नसो.