आरएक्सचं मॅग्नेट उघडलं त्याची गोष्ट

आमच्या घरात १९९५ ची यामाहा आरएक्स १०० आहे, बाबांची. पुढच्याच वर्षी कंपनीने ती बंद केली, त्यामुळे बाबांना अजून वाटतं की आपण वेळेत हात मारला. गाडी झकास पळते, प्रॉब्लेम फक्त लाईटचा. मागच्या दिवाळीत रात्री पसरणी घाट उतरत होतो, प्रत्येक वळणावर ब्रेक मारला की इंजिनचा आवाज खाली आणि त्याच्याबरोबर हेडलाईट पण खाली, म्हणजे नेमकं जिथे कठडा दिसायला पाहिजे तिथेच समोर उदबत्ती. मग क्लच दाबून उगाच रेस द्यायची, क्षणभर उजेड, परत अंधार. वाईला पोचेपर्यंत डावा हात दुखायला लागला.

कारण साधं आहे. या गाडीत हेडलाईट बॅटरीवर चालतच नाही, मॅग्नेटमागच्या (मॅग्नेट म्हणजे इंजिनच्या शाफ्टवर फिरणारं चुंबकाचं चाक) कॉईलवरून थेट एसी करंट येतो, इंजिन जेवढं फिरेल तेवढी लाईट. आणि बॅटरीला जे चार्जिंग मिळतं ते पण अर्धंच, म्हणजे कॉईलमधून करंट उलटसुलट येत असतो त्यातली एकच बाजू रेक्टिफायर बॅटरीकडे सोडतो. याला हाफ वेव्ह म्हणतात. त्या काळात बॅटरीवर हॉर्न, इंडिकेटर असं थोडंच काही असायचं, भागायचं. आता मला एलईडी पाहिजे, मोबाईल चार्जर पाहिजे, आणि लोक सल्ला देतात मोठी बॅटरी टाक. अरे टाकी मोठी केली म्हणून नळाला पाणी जास्त येणारे का?

तर ठरवलं की फुल वेव्ह करायचं, म्हणजे करंटच्या दोन्ही बाजू बॅटरीकडे न्यायच्या, आणि सगळी गाडी डीसीवर, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेच्या करंटवर आणायची. नाना पेठेतून चार वायरचा फुल वेव्ह आरआर युनिट आणला (आरआर म्हणजे रेग्युलेटर आणि रेक्टिफायर एकाच डब्यात). दुकानदार म्हणाला, ‘काही करायचं नाही दादा, जुना काढा नवा लावा.’ मी पण लावला. गाडी चालू केली, मल्टीमीटर बॅटरीवर, रेस देऊन पण १२.९ व्होल्टच्या वर जाईना, म्हणजे चार्जिंग नीट नाही, आणि दहा मिनिटांत युनिटला हात लावला तर चटका.

इथे माझा एक रविवार गेला. नंतर डोक्यात आलं म्हणून मल्टीमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो) ठेवून एक प्रोब कॉईलच्या पांढऱ्या वायरला आणि दुसरी इंजिनच्या बॉडीला लावली तर बीप! म्हणजे कॉईलचं दुसरं टोक आतमध्ये बॉडीलाच जोडलेलं. फुल वेव्ह युनिटला कॉईलची दोन्ही टोकं मोकळी लागतात. एक टोक बॉडीला असलं की प्रत्येक उलट्या फेरीत युनिटच्या आतल्या एका डायोडमधून (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) कॉईल स्वतःशीच शॉर्ट होते, म्हणून तो चटका.

मग काय, मॅग्नेट उघडणं आलं. पुलर (मॅग्नेट शाफ्टवरून ओढून काढायचं हत्यार) मित्राकडून आणला. इथे हातोडी वापरू नका, खरंच नका, मी दोन क्रँकची (इंजिनचा मुख्य शाफ्ट) वाट लागलेली बघितलीय. मॅग्नेट निघालं आणि शाफ्टमधली छोटी चावी (मॅग्नेट शाफ्टवर जागेवर धरणारा लोखंडी तुकडा) गायब, अर्धा तास फरशीवर टॉर्च मारतोय आणि ती मॅग्नेटच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेली. कॉईल प्लेट काढायच्या आधी खिळ्याने प्लेट आणि बॉडी दोन्हीवर मिळून एक खूण केली, कारण प्लेट जरा फिरली की टायमिंग गेलं.

लाईटच्या कॉईलचं एक टोक लोखंडी गाभ्याला सोल्डर केलेलं दिसतं. ते सोडवायचं, एवढंच खरं काम. पण ती तांब्याची तार ३० वर्षांची, वार्निश करपलेलं. गरम सोल्डरिंग आयर्न लावून हळूच उचलताना मी श्वास पण घेत नव्हतो, आणि आईने मागून विचारलं ‘चहा ठेवू का?’ तार वाचली. ब्लेडने वार्निश खरवडलं, नवीन जाड वायर जोडली, वर ग्लास स्लीव्ह चढवली (मोटर वाइंडिंगवाल्याकडे मिळते, साधी प्लॅस्टिकची आत वितळेल) आणि फिरत्या मॅग्नेटला लागणार नाही अशी दोऱ्याने बांधून बाहेर काढली.

आता बॉडीशी बीप नाही. कॉईलला चार्जिंग आणि लाईट अशा दोन वायरी असतात, नवीन टोकापासून ज्या वायरपर्यंत रेझिस्टन्स जास्त ती पूर्ण कॉईल, ती घ्यायची, दुसरी टेप मारून ठेवून द्यायची. हेडलाईटला बॅटरीवरून वेगळी लाईन, बॅटरीजवळच फ्यूज, मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), त्याच्या पिनांवर नंबर असतात: ३० ला बॅटरी, ८७ ला बल्ब, ८५ ला बॉडी आणि ८६ ला स्विचची वायर. स्विचला जो जुना एसी यायचा तिथे इग्निशनची ब्राऊन वायर (चावी फिरवली की जिच्यात बॅटरीचा करंट येतो) जोडली. बल्ब १८ वॅटचा एलईडी टाकला, जुन्या ३५ च्या जवळपास निम्मा, कॉईल तीच आहे हे विसरून चालत नाही.

आयडलला १२.८ व्होल्ट, रेस दिली की १४.१. युनिट कोमट. अंगणात लाईट भिंतीवर पाडून मी शेजाऱ्यांना पण बोलवून दाखवली.

एक गोष्ट मात्र मी बाबांना सांगायची विसरलो. आधी गाडी बंद पडली की लाईट आपोआप बंद व्हायची, आता होत नाही. परवा दुपारी गेटपाशी गाडी बंद पडली, बाबा चावी तशीच ठेवून शेजारच्या काकांशी गप्पा मारत बसले, तासाभराने मी बघितलं तर बॅटरी १०.९. मी म्हटलं संपलं सगळं. बाबांनी किक मारली, पहिल्या किकला चालू, कारण इग्निशनची कॉईल वेगळी आहे आणि तिला मी हात पण लावला नव्हता.

‘काय रे, एवढा पसारा केलास, आधीची काय वाईट होती?’ असं म्हणून ते भाजी आणायला गेले, भर दुपारी, लाईट लावून.