सुभेदार सरांचं डेडस्टॉक रजिस्टर

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा म्हणून शाळेतून फोन आला तेव्हा समोरच्यांना वाटलं असणार की मी बॉर्डर, बर्फ, गोळीबार असलं काहीतरी लिहीन. पण माझी सगळी सर्व्हिस आर्मी सर्व्हिस कोअरमधे गेली, म्हणजे जवानांचं रेशन, पेट्रोल, गाड्या, आणि तिथं रोजचा सामना असतो तो पैशाच्या मोहाशी. त्यावरच लिहितो, कारण त्याची खरी तयारी माझी ह्याच शाळेत झाली.

आमच्या बॅचला पीटीला सुभेदार सर होते, बेळगावच्या मराठा सेंटरमधनं घडलेले आणि रिटायर होऊन शाळेत आलेले. खेळाच्या सामानाचं डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या मालकीच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, त्यांच्याकडं असायचं आणि लेझीम, डंबेल्स, बॉलची हवा भरायची सुई, सगळं त्यात चढवलेलं. एकदा सामानाच्या दुकानदारानं मोठ्या ऑर्डरबरोबर सरांसाठी म्हणून एक शूजचा जोड पाठवला, सरांनी तो परत नाही केला, सरळ रजिस्टरला शाळेच्या नावानं चढवला, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि दुकानदाराला तसं पत्र टाकलं. तालुक्याला 1500 मीटर पळणाऱ्या आमच्या एका मित्राच्या पायात ते शूज गेले. आम्हाला तेव्हा एवढंच कळलं की सरांचे स्वतःचे शूज फाटके होते.

आता डेपोतलं सांगतो. सैन्याची डाळ, तांदूळ, साखर मोठ्या प्रमाणावर दिल्लीहून खरेदी होते, पण भाजी, दूध, मटण हे त्या त्या स्टेशनच्या कॉन्ट्रॅक्टरकडनं रोज येतं आणि रोज तपासून घ्यावं लागतं, म्हणजे रोज सकाळी कुणीतरी ठरवायचं की हा बटाटा घ्यायचा का परत पाठवायचा. लॉट रिजेक्ट केला आणि त्यानं बदलून नाही दिला तर बाजारातनं घ्यायचं आणि वरचा पैसा त्याच्या बिलातनं कापायचा. मग तो माणूस येतोच. पैशाची बॅग घेऊन कुणी येत नाही हो, येतो तो दिवाळीला मिठाई घेऊन, मुलीच्या ॲडमिशनची चौकशी करतो, वहिनींना काही लागलं तर सांगा म्हणतो, आणि मग महिन्याभरानं हळूच, साहेब तुमच्या आधीच्या साहेबांचं पण असंच होतं. हे शेवटचं वाक्य सगळ्यात घातक, कारण त्यात एकदम सोबत मिळते.

मी एकच केलं, सरांचंच. कॉन्ट्रॅक्टरला एकट्यानं कधी भेटलो नाही, जेसीओ साहेब (सुभेदार वगैरे हुद्द्याचे) समोर पाहिजेतच, आणि जे आलं, जे बोललं गेलं ते त्याच दिवशी लिहून वर पाठवलं. एका स्टेशनला त्यावरनं माझ्याविरुद्ध निनावी अर्ज गेले, की हेच पैसे मागतात म्हणून. चौकशी लागली, घरात सगळे खचले, प्रमोशन अडकलं. सुटलो ते तारीखवार कागदांमुळं, चांगुलपणामुळं नाही.

म्हणून 2012 चं ते प्रकरण मला फार लागलं. लष्करप्रमुखांनी जाहीर सांगितलं की 600 गाड्यांची खरेदी पुढं सरकवायला आपल्याला 14 कोटींची ऑफर आली होती, आपण तेव्हाच संरक्षणमंत्र्यांच्या कानावर घातलं होतं. मंत्री राज्यसभेत म्हणाले, ऐकून मी डोक्याला हात लावला, कारवाई करा म्हटलं, पण लेखी काही आलं नाही. देशातला सगळ्यात मोठा फौजी अधिकारी, आणि कागद नाही! नाही म्हणणं हे अर्धंच काम आहे, हे तेव्हा मला पक्कं पटलं.

त्याआधी 2001 ला छुप्या कॅमेऱ्यासमोर आपल्याच अधिकाऱ्यांनी अस्तित्वातच नसलेल्या कंपनीकडनं पैसे घेतलेले सगळ्या देशानं बघितले, मेजर जनरल हुद्द्यापर्यंत कोर्ट मार्शल झालं. आणि मुंबईत कुलाब्याची आदर्श सोसायटी, कारगिलचं नाव पुढं करून उभी केलेली 31 मजल्यांची बिल्डिंग, त्यात माजी लष्करप्रमुखांचेही फ्लॅट निघाले. सैनिक टाकळी नि अपशिंग्यासारख्या गावांतनं पोरं भरतीला जातात, त्यांना ह्याचा काय अर्थ लावायचा सांगा. डेहराडूनला आयएमएत, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत, आम्हाला शिकवलं होतं की आधी देश, मग तुझ्या हाताखालचे जवान आणि सगळ्यात शेवटी तू. सडका बटाटा पास करणारा अधिकारी तिथंच दुसऱ्या पायरीवर घसरलेला असतो, त्याला देश विकावा लागत नाही.

सुभेदार सर नेहमी जनरल थोरातांचं नाव घ्यायचे, आपले कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, 1961 ला रिटायर झाले आणि पुढं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. वर्दी उतरली म्हणून काम संपत नाही रे, असं सर म्हणायचे.

तरुण अधिकारी मला हमखास एक विचारतात, सर, वरचाच म्हणाला पास कर तर? मी सांगतो, शांतपणे म्हणायचं, सर, लेखी ऑर्डर द्या, लगेच करतो. माझ्या सर्व्हिसमधे अशी लेखी ऑर्डर मला कधी आली नाही. शाळेतनं कुणी सैन्यात अधिकारी होण्यासाठी एनडीएच्या नाहीतर सीडीएसच्या परीक्षेची तयारी करत असेल तर ऑफिसात माझा नंबर ठेवलाय, ह्या विषयावर कितीही वेळ बोलायला मी तयार आहे.