माझा सा काळी चारचा

बुधवार, रात्री

आता नक्की झालं. माझा सा, म्हणजे गाण्याचा मूळ स्वर, काळी चारचा, पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा. सर आज वर्गात म्हणाले, आता बदलू नकोस, परीक्षेलाही यातच गायचं. हे ऐकून किती बरं वाटलं ते लिहूनच ठेवते. लहानपणापासून मी गावच्या भजनी मंडळात गात आले. तिथं पेटी पांढरी एकची, कारण मुख्य गाणारे सगळे पुरुष. आम्ही पोरी त्याच पट्टीत ओढून गायचो आणि सप्ताह संपला की दोन दिवस घसा धरायचा. माझा आवाजच तसा, असं मला वाटायचं. बाईच्या गळ्याची पट्टी वेगळी असते, हे अकरावीला संगीत घेतलं तेव्हा कळलं. काळी चारमध्ये खर्जाचा पंचमसुद्धा, म्हणजे खालच्या सप्तकातला प, मोकळा लागतो.

दुपारी एसटीत शेजारच्या काकूंनी विचारलंच, "संगीत घेऊन काय करतं वो पोरी? फुकटचे मार्क भेटते म्हने." मी काही बोलले नाही, पण हे मला मनापासून लागतं. फुकट काय आहे यात? झपतालाची दुगुन, म्हणजे दुप्पट लय, हातावर टाळी आणि खाली (जिथं टाळी पडत नाही ती जागा) दाखवत म्हणायची, तर दहा मात्रांत बोल दोनदा बसवून बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यावं लागतं. भूगोलाचा धडा राहिला तर रात्री बसून वाचता येतो. स्वर लागायला मात्र रोजचीच बैठक लागते, एका रात्रीत तो येत नाही. सध्या वेचणीचे दिवस आहेत. आई-बाबा उजाडताच वावरात जातात, मग घर रिकामं झालं की मोबाइलवर तानपुरा लावून बसते. बाबा त्यासाठी मोबाइल घरीच ठेवून जातात. माझ्या शिक्षणातला त्यांचा हा वाटा मला फार मोठा वाटतो.

शास्त्राच्या तासाला पंडित भातखंडे चालू आहेत. शिकलेले वकील, पण गावोगाव फिरून, उस्तादांच्या पुढ्यात बसून त्यांनी बंदिशी गोळा केल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'त स्वरलिपीसह छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराच्या खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकातल्या स्वराच्या वर टिंब. समेला गुणिले, खालीला शून्य. एवढ्या खुणांवर मी आमच्या गावात बसून दूरच्या घराण्याची चीज, म्हणजे बंदिश, वाचू शकते. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या स्वरलिपीत समेला एकचा आकडा असतो आणि खालीला अधिक. दोन्ही पाठ करायच्या आहेत, पण हाताला भातखंडेच बसलेत.

याच खुणा आज घरी वापरल्या. वर्गात खमाज राग झाला होता. सर कोमल निषादावरून (नी) धैवतावर (ध) उतरले तेव्हाच वाटलं की ही उतरण तर आबाजींच्या, माझ्या आजोबांच्या, भजनातली आहे! ते तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातले जुने. तुकडोजी महाराज 1968 साली गेले. आबाजींनी त्यांना लहानपणी खंजिरीवर गाताना पाहिलंय. सामुदायिक प्रार्थना आटोपल्यावर मंडळाची पेटी मागून घेतली आणि म्हटलं, आबाजी, तेच म्हणा, हळू म्हणा.

"हळू म्हनलं तं ठेका मोडते," म्हणाले. तरी म्हणाले. मी एकेक स्वर पेटीवर शोधत वहीत मांडत गेले. त्यांचा सा पांढरी एकचा, म्हणून वर जाताना शुद्ध नी, पांढरी सात. उतरताना तीच पट्टी बेसूर लागली, काळी पाच दाबली आणि आबाजींनी लगेच मान हलवली. ध्रुवपद ते आठ मात्रांच्या ठेक्यात पाचव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून उचलतात आणि देवाच्या नावावर खंजिरीची थाप बरोबर समेला पडते. मात्रा त्यांनी कधी मोजल्या नाहीत. मी बोटांवर मोजून चार वेळा पडताळलं, एकदाही हात चुकला नाही. मी लिहिते आहे ते पाहून त्यांनी चष्मा मागवला, वही डोळ्यांजवळ धरली आणि विचारलं, "यात माहा आवाज कोठी हाय?" मी बोट ठेवून ओळ गाऊन दाखवली. मग त्यांनी दुसऱ्या अंतऱ्याचंही लिहून घ्यायला लावलं.

एक गोष्ट मात्र अडली आहे. खमाजच्या आरोहात, म्हणजे वर जाताना, रिषभ (रे) वर्ज्य, आणि आबाजी वर जाताना रिषभ घेतात. अगदी ठासून, दर वेळी. म्हणजे याला खमाज म्हणायचं नाही का? खमाज थाट, म्हणजे राग ज्यातून निघतात तो स्वरांचा साचा, म्हटलं तर चालेल, थाटात सातही स्वर असतात. पण मला वाटतं, भजनानं रागाचे नियम पाळावेत असा हट्टच नको. ते आधी गायलं जातं, नाव मागून मिळतं. आबाजींचा रिषभ मी वहीतून काढणार नाही. सरांना उद्या हेच विचारायचं आहे. आणि आबाजींना खंजिरी घेऊन एक दिवस वर्गात आणलं तर चालेल का, हेही. बस सव्वानऊची आहे, त्यांना जमेल.