तुम्ही विचारलंत म्हणून: बँड का नाही?

‘तुमची गाणी ऐकताना चार जणांचा बँड वाजतो आहे असे वाटते, मग बँड का करत नाही?’ हा प्रश्न मला कार्यक्रमानंतर हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मी करतो ते संगीत पॉवर पॉप. गिटारवादक पीट टाउनशेंडने १९६७ साली ‘द हू’ या आपल्या ब्रिटिश रॉक बँडच्या संगीताला हे नाव दिले, तेव्हापासून ते बँडचेच मानले गेले आहे: खणखणीत गिटार, दणदणीत ड्रम, त्यांवर गोड चाल आणि दोन-तीन आवाजांची हार्मनी (एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गाणे), तेही तीन-साडेतीन मिनिटांत.

तरीही मी एकटाच रेकॉर्ड करतो, कारण या संगीतात चाल आणि साथ मला वेगळी काढता येत नाही. कोरसच्या, म्हणजे ध्रुवपदाच्या, आधी बेस गिटारने कोणत्या सुरावर थांबायचे, हा माझ्या दृष्टीने रचनेचाच भाग आहे आणि तो ठरवायला मला कधी कधी आठवडा लागतो. तेवढा वेळ तिघांना ताटकळत ठेवणे मला पटत नाही. आवाजाचे काम तर त्याहून बारीक. आवाज भरदार व्हावा म्हणून एकच ओळ मी तीनदा गाऊन एकावर एक ठेवतो, तेव्हा शेवटचा ‘स’ तिन्ही टेकमध्ये, म्हणजे तिन्ही वेळच्या रेकॉर्डिंगमध्ये, थोडा मागेपुढे पडतो आणि फसफसल्यासारखा ऐकू येतो. म्हणून तो ‘स’ मी एकाच टेकमध्ये उच्चारतो. उरलेल्या दोहोंत शब्द अर्धाच सोडून देतो.

व्यवसायाचे म्हणाल तर मला अमेरिकन गायक-गीतकार एमिट ऱ्होड्स आठवतो. आईवडिलांच्या घरामागच्या शेडमध्ये सगळी वाद्ये स्वतः वाजवून त्याने केलेला १९७० चा अल्बम अमेरिकेत पहिल्या तिसांत पोहोचला होता. रेकॉर्ड कंपनीशी केलेला करार मात्र दर सहा महिन्यांनी नवा अल्बम मागत होता, आणि सगळे एकट्याने करणाऱ्याला तो वेग झेपणे शक्यच नव्हते. प्रकरण कोर्टात गेले, आणि १९७३ नंतरचा त्याचा पुढचा अल्बम यायला २०१६ साल उजाडले. ही हकीकत मला आजही अस्वस्थ करते. मी तारखेने बांधणारा करार कधीच केला नाही. माझे पोट इतरांच्या गाण्यांचे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज आणि वाद्ये यांचा मेळ, करून भरते. माझ्या गाण्यांतून पुढच्या रेकॉर्डिंगचा खर्च निघतो, आणि तोही स्ट्रीमिंगपेक्षा थेट विकलेल्या अल्बममधून.

एकट्याने काम करण्यातली उणीव ड्रममध्ये जाणवते. ड्रम मी सर्वांत आधी वाजवतो. हेडफोनमध्ये फक्त क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, असते आणि गाणे मनातल्या मनात म्हणावे लागते, त्यामुळे मी जे योजले आहे त्यापलीकडे काहीच घडत नाही. मंचावर मात्र साथीदार लागतातच, आणि मागच्या कार्यक्रमात ड्रमरने दुसऱ्या कडव्याआधी मी रिकामी ठेवलेली मात्रा न विचारता भरून टाकली. ते माझ्या योजनेपेक्षा सरस होते. घरी येऊन मी त्या गाण्याचे ड्रम पुन्हा वाजवले, आणि मग त्यावरचे बाकी सगळेही. अल्बम महिनाभर लांबला, पण तारीख विचारणारे कोणी नव्हते.