मायनर म्हणून पश्चिम आशिया: आधी भाषेचं बघा

पदवीला मुख्य विषय अर्थशास्त्र आणि मायनर, म्हणजे दुय्यम विषय, पश्चिम आशियाई अभ्यास, असं मी केलं. मायनर साधारण 18 ते 24 क्रेडिटचा असतो, म्हणजे पाच-सहा कोर्स: एक प्रदेशाची ओळख, एक इतिहास, एक धर्म, दोनेक ऐच्छिक, आणि भाषेची अट. छापील यादीत भाषा शेवटी असते म्हणून ती शेवटच्या वर्षावर ढकलली जाते. इथेच गाडी अडते. अरबीचा पहिला भाग पुष्कळ ठिकाणी वर्षातून एकदाच सुरू होतो. तो हुकला की वर्षभर थांबा. शिवाय काही विभाग पहिल्या वर्षाच्या भाषेचे क्रेडिट मायनरमध्ये धरतच नाहीत, ते नुसती पूर्वअट मानतात. म्हणून भाषा पहिल्या सत्रात, बाकी सगळं तिच्या वेळापत्रकाभोवती.

लिपीचा बाऊ करू नये. 28 अक्षरं, त्यातली सहा (अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय, वाव) पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. एवढं हातात बसलं की वाचता येतं. खरी अडचण कोशात. नेहमीचा अरबी कोश धातूनुसार, म्हणजे शब्दाच्या मूळ व्यंजनांनुसार, लावलेला असतो. ‘इस्तिक्बाल’ म्हणजे स्वागत. हा शब्द अलिफखाली शोधला तर सापडत नाही, कारण त्याचा धातू क़-ब-ल. आपल्याकडचे ‘कबूल’ आणि ‘मुकाबला’ त्याच धातूचे. मराठी माणसाला असे शब्द आयते मिळतात, पण त्यांच्यावर भिस्त ठेवली की फसगत ठरलेली. अरबीत ‘ग़रीब’ म्हणजे विचित्र किंवा परका, आणि ‘फ़ुर्सा’ म्हणजे संधी, फुरसत नव्हे. अनुवादाच्या पेपरात गरिबाला पैशाची चणचण लावलीत की मार्क गेले.

दुसरं, वर्गात शिकवतात ती फ़ुसहा, म्हणजे लिखित प्रमाण अरबी. बोली वेगळी. ‘काय?’ हे पुस्तकात ‘माज़ा’, कैरोत ‘एह’, दमास्कस-बैरुतकडे ‘शू’. संशोधन कागदपत्रांवर करायचं असेल तर फ़ुसहा पुरते. मुलाखती घ्यायच्या असतील तर एक बोली निवडा, दोन नको.

धर्माच्या कोर्सात सर्वांत जास्त मार्क जातात ते अरब, मुस्लिम आणि पश्चिम आशियाई हे शब्द एकमेकांच्या जागी वापरल्यामुळे. इराण बहुसंख्य मुस्लिम आहे, पण फारसी ही भारत-युरोपीय कुळातली भाषा. लेबनॉनचे मॅरोनाइट ख्रिस्ती अरबी बोलतात. ओमानचे इबादी मुस्लिम सुन्नीही नाहीत, शियाही नाहीत. हे नुसतं पाठ करून भागत नाही. 1923 ची ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या अदलाबदल नीट वाचावी. तिथे निकष धर्म होता, भाषा नव्हे. अनातोलियातले तुर्की बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला गेले, क्रीटचे ग्रीक बोलणारे मुस्लिम तुर्कस्तानात आले. तेव्हा निबंधात ‘ग्रीक’ लिहिताना भाषा, धर्म की नागरिकत्व, हे त्याच वाक्यात स्पष्ट करा.

कागदपत्रांचं थोडक्यात. एकच कोर्स मुख्य विषय आणि मायनर दोन्हीकडे धरायला मर्यादा असते. बहुधा एक, फार तर दोन. दुसऱ्या विभागाचा कोर्स ऐच्छिक म्हणून हवा असेल तर नाव नोंदवण्याआधी मंजुरी घ्या, तीही लेखी, आणि त्या सत्राचा अभ्यासक्रम जपून ठेवा. तोंडी ‘चालेल’ला अंतिम तपासणीत कुणी विचारत नाही.

शेवटच्या दीर्घ निबंधात दोन गोष्टी छळतात. एक, रोमन लिप्यंतर: एकाच लेखकाचं नाव तीन-चार प्रकारे लिहिलेलं असतं, म्हणून ग्रंथालयाच्या सूचीत सगळी रूपं टाकून बघावी लागतात, ‘अल-’ हा उपपद सूची लावताना सहसा धरत नाहीत. दुसरी, तारखा. चांद्र हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, आणि ते बहुधा दोन इसवी वर्षांवर पसरतं. चांद्र 1343 ऑगस्ट 1924 मध्ये सुरू होऊन जुलै 1925 मध्ये संपलं. नुसतं वर्ष माहीत असेल तर 1924-25 असंच लिहावं. इराणमध्ये मात्र सौर हिजरी चालतं, आणि तिथलं 1343 म्हणजे 1964-65. मुखपृष्ठावर तोच आकडा, फरक चाळीस वर्षांचा. तेव्हा पुस्तक अरबी आहे की फारसी, हे आकडा उतरवून घेण्याआधी बघायचं.