तीन सालं आणि एक भिंत

आपल्याकडं एखाद्या म्हातारीला वय विचारा, ती आकडा सांगणार नाही. "रझाकाराच्या वक्ताला मी रांगत होते," म्हणेल. थोरल्या लेकीचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला, तिचं लग्न भूकंपाच्या आदल्या सालचं. बोलता बोलता मध्येच 2016 साली लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी निघतं, तिथून ती पुन्हा बापाच्या मोटेवर जाते. ऐकणाऱ्याचा कुठंही गोंधळ होत नाही. हाच ऐकणारा तीन काळांत फिरणारी पाचशे पानी कादंबरी हातात घेतो आणि साठाव्या पानावर 'डोक्यावरून जातंय' म्हणून ठेवून देतो. म्हातारीला जी मुभा त्यानं दिली, ती लेखकाला द्यायला तो तयार नसतो.

समजा, हातात अशी एक कादंबरी आहे. 520 पानं, 42 प्रकरणं, काळ तीन: 1948, 1972 आणि 1993. गाव एकच, लातूरजवळच्या औश्याच्या बाजूचं. पहिलं प्रकरण त्र्याण्णवचं, दुसरं अठ्ठेचाळीसचं, तिसरं बहात्तरचं आणि पुढं लेखकाच्या मर्जीप्रमाणं. अशी कादंबरी रोज झोपताना दहा पानं या हिशेबानं वाचली, की हमखास फसते. एका बैठकीत तिन्ही काळांचा निदान एक फेरा व्हायला हवा. म्हणजे साधारण चाळीस पानं, दीड तास. आणि थांबायचं ते प्रकरण संपल्यावर नाही. पुढच्या प्रकरणाची दोन पानं वाचून मगच पुस्तक मिटायचं. प्रकरणाच्या शेवटी लेखकानं ताणून धरलेलं असतं, तोच ताण मनात घेऊन माणूस झोपतो आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडतो तर समोर चोवीस वर्षं मागचं अंगण. नव्या काळात दोन पावलं टाकून थांबलं तर सकाळी तो उंबरा पुन्हा ओलांडावा लागत नाही.

सोबत एक कागद हवा. ए-फोर कागद आडवा धरून दोन घड्या घातल्या की तीन रकाने तयार. प्रत्येक रकान्यावर एकेक साल. प्रत्येक प्रकरणामागं दोनच ओळी लिहायच्या: माणसं कोण होती आणि वस्तू कोणती होती. काय घडलं ते लिहू नये. घडलेलं लक्षात राहतं, वस्तू विसरते. चौथ्या प्रकरणात रातोरात परसात पुरलेली तांब्याची घागर एकोणिसाव्या प्रकरणात दुष्काळी कामावर माती उकरताना कुदळीला लागते, तेव्हा ती कोणाची होती हे आठवलं नाही तर ते पान नुसतंच मातीचं उरतं. कसलेला लेखक दोन काळांचा सांधा अशा घागरीतच लपवतो, तारखेत नाही.

फोनवर वाचणाऱ्यांना हा कागद दुप्पट लागतो. 'ते उजव्या पानावर खाली होतं' ही आठवण छापील पुस्तकातच चालते; पडद्यावर सगळीच पानं सारखी.

माणसांच्या नोंदीत दोन खड्डे ठरलेले. पहिला, आजोबाचं नाव नातवाला. अठ्ठेचाळीसचा माणिक आणि त्र्याण्णवचा माणिक वेगळे, हे कळेपर्यंत चार प्रकरणं जातात. यावर उपाय सोपा, नावापुढं साल लिहावं. दुसरा खड्डा खोल आहे. लग्नात मुलीचं नाव बदलतं. अठ्ठेचाळीसच्या अंगणात सागरगोटे खेळणारी सात वर्षांची गोदा बहात्तरमध्ये एकतीस वर्षांची असणार, त्र्याण्णवमध्ये बावन्न. पण त्या वयाची गोदा पुढं कुठंच सापडत नाही. सापडते ती खडी फोडणारी पार्वती. अशा कादंबरीत एखादी मुलगी अचानक नाहीशी झाली तर ती मेली असं समजू नका, आधी सासरी शोधा. कागदाच्या माथ्यावर मुख्य चार माणसांची तिन्ही सालांतली वयं मांडून ठेवली की हा शोध अर्ध्यावर येतो. पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली वंशावळ मात्र पहिल्या वाचनात झाकून ठेवावी. कोण निपुत्रिक गेला, कोणाची दुसरी बायको, सगळं तिथं आधीच उघडं पडलेलं असतं.

लेखक खोडकर असला तर प्रकरणावर साल देतच नाही. नुसतं एक पत्र देतो आणि त्यावर लिहितो, फसली 1357. आता घ्या. निजामाच्या राज्यातला फसली सन ऑक्टोबरच्या सुमारास सुरू व्हायचा. त्यामुळं ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पत्रात 590 मिळवायचे, जानेवारीनंतरच्या पत्रात 591. म्हणजे हे पत्र 1947च्या दिवाळीचंही असू शकतं आणि 1948च्या पोळ्याचंही. पोलीस अॅक्शन, म्हणजे निजामाचं राज्य संपवणारी लष्करी कारवाई, 1948च्या 13 ते 17 सप्टेंबरची; पत्र तिच्या किती आधीचं हे कळायला त्यातलं पीक पाहावं लागतं. ज्वारी पेरायची म्हणतोय की मूग काढायचा? शकाचं सोपं, 78 मिळवले की काम भागतं, जानेवारी ते फाल्गुनातल्या पत्रात तेवढे 79.

पैशाचं तसंच. 'तीनशे रुपयांना बैलजोडी घेतली' हे वाक्य अर्धवट आहे. हाली की कलदार, म्हणजे निजामाचा रुपया की इंग्रजांचा? सात हाली म्हणजे सहा कलदार. सोलापूरकडच्या बाजारात कलदार चालायचा, इकडं हाली. हद्दीपलीकडं जाऊन आलेलं पात्र कंबरेच्या पिशवीतून कोणता रुपया काढतं यावर ते कुठून आलं हे कळतं, लेखकानं सांगावं लागत नाही. 'नवे पैसे' दिसले तर 1957 उजाडलं. कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणतायत तर निजामी राज्य आहे. आंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणतायत तरी जुनाच काळ. हायब्रीड ज्वारी निघाली की साठोत्तरी. आणि अठ्ठेचाळीसच्या प्रकरणात कोणी 'लातूर जिल्हा' म्हणालं, तर ती लेखकाची डुलकी. तो जिल्हा 1982चा, त्याआधी लातूर-औसा उस्मानाबाद जिल्ह्यात. अशी डुलकी पकडल्यावर वाचकाला होणारा आनंद फार सात्त्विक नसतो, पण असतो.

सगळ्यांत भरवशाचं घड्याळ म्हणजे विहीर. पाणी किती परसावर लागलं असं विचारतायत तर जुना काळ. परस हे माणसाच्या उंचीवरून आलेलं माप. मोटेचा आवाज जाऊन इंजानाचा धूर आला की एक पिढी सरली. खोली फुटांत सांगू लागले की बोअरची गाडी गावात शिरली.

आता ती भिंत. अठ्ठेचाळीसच्या रकान्यात घरधनी रझाकारांच्या धास्तीनं वाड्याची पुढची भिंत जाड करून घेतो. दगड आणि चिखल, हातभराची होती ती दोन हातांची. वाचताना आपल्याला हायसं वाटतं. बहात्तरच्या रकान्यात त्याची सून माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पांढरी माती टाकते, दरसालची रीत म्हणून. त्या साली गळायला पाऊसच नाही, तरी टाकते. हे वाचताना तिच्या आशेचं कौतुक वाटतं. आणि त्र्याण्णवच्या रकान्यात अनंत चतुर्दशीची मिरवणूक चाललेली असते, पोरं गुलालानं माखून उशिरा घरी येतात आणि त्याच भिंतीलगत, त्याच माळवदाखाली वाकळ ओढून झोपतात.

लेखक तारीख लिहीत नाही. त्याची गरज नाही. 30 सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी काय झालं ते या भागातल्या वाचकाला माहीत आहे, पात्रांना माहीत नाही. घरं जी पडली ती चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर मातीचं ओझं असलेली. भिंत जाड करणारा चुकला नव्हता, माती टाकणारीही नाही. सगळे आपापल्या सालात शहाण्यासारखेच वागले. तिन्ही सालं एका मांडीवर धरून बसलेला एकटा वाचक हे पाहतो आणि कोणाला हाक मारू शकत नाही.

म्हणून, 'आधी त्र्याण्णवची सगळी प्रकरणं सलग वाचून घेऊ' हा मोह आवरायचा. तसं वाचलं तर भूकंप कळतो, भिंत कळत नाही. सलग वाचन दुसऱ्या वेळी जरूर करावं, त्यात लेखकाची शिवण दिसते: कुठं धागा तुटलाय, कोणता काळ नुसताच भरती म्हणून आलाय. बहुतेक अशा कादंबऱ्यांत एक काळ अशक्त असतोच, आणि तो बहुधा आजचा असतो. शहरातून गावी आलेला कोणीतरी जुनी ट्रंक उघडून बसलेला असतो. त्याची प्रकरणं भराभर वाचली तरी पाप नाही.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतराची कथा रंगवली आहे, तिथं राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो. दोन प्रसंगांमध्ये चौकट नाही. खांब, दार, झाड आलं की वेळ बदलली. तिथला चित्रकार अनेकदा प्रसंग जागेप्रमाणं मांडतो, राजवाड्यातलं एकीकडं, रानातलं दुसरीकडं. बघणाऱ्यानं भिंतीपुढं मागंपुढं चालायचं. आपल्या कादंबरीतही जागा पक्की आहे, साल तेवढं हलतं. वाड्यात आपण कुठं उभे आहोत, ओसरीवर की परसात, एवढं धरून ठेवलं तरी निम्मं काम होतं.

शेवटच्या पन्नास पानांत प्रकरणं आखूड होत जातात. मग काळ परिच्छेदागणिक बदलतो, मग एकाच वाक्यात गोदा आणि पार्वती दोघी येतात. इथं पेन्सिल खाली ठेवावी, कागदाकडं बघू नये. लाइट जायच्या आत एका दमात संपवावं.

नंतर कागद घडी करून मागच्या पानात ठेवायला हरकत नाही. पुस्तक शेजारच्यांनी वाचायला मागितलं, तर मात्र आठवणीनं काढून घ्या. बहात्तरच्या रकान्यात पार्वतीपुढं कंसात तुम्ही गोदा लिहून ठेवलेलं असतं.